माध्यमाच्या रकान्यात मराठी नाही : खकनारमधून इतिहासाची पदवी

मुक्त विद्यापीठाच्या प्रवेश अर्जात जन्मतारीख विचारली जाते, पण ती १९७० ची असली म्हणून अर्ज अडत नाही. कमाल वयाची अट तेथे नाही. खकनारसारख्या गावातील मराठी अर्जदार अडखळतो तो ‘माध्यम’ या रकान्यापाशी. हिंदी किंवा इंग्रजी, यांतील एक निवडावे लागते. घरी मराठी, बाजारात निमाडी आणि हिंदी, शेजारच्या पाड्यावर कोरकू, अशा भाषांत आयुष्य गेलेल्या माणसाला हिंदी परकी नसते. तरीही हिंदीत व्यवहार करणे वेगळे आणि हिंदीत तीन तास बसून इतिहासाचा पेपर लिहिणे वेगळे. पदवी अर्धवट राहिलेल्या किंवा मुळात सुरूच न झालेल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने आज इतिहास घेऊन बी. ए. करायचे ठरवले, तर त्याला कोणते मार्ग खुले आहेत, त्यासाठी किती वेळ द्यावा लागतो आणि हा भाषेचा पेच नेमका कुठे बोचतो, हे समजून घेण्याजोगे आहे.

खकनार हे बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील तहसिलीचे ठिकाण. तहसिलीची हद्द महाराष्ट्राला भिडते. पलीकडे एका बाजूला अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि मेळघाट, दुसऱ्या बाजूला बुलढाणा जिल्हा. बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ मध्ये खंडव्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा इतिहास मात्र आजच्या राज्यसीमांत मावत नाही. १९५६ पर्यंत निमाड जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला. खकनारच्या मराठी कुटुंबांनी गाव सोडले नाही. राजधानी बदलली आणि तिच्याबरोबर कचेरीची व महाविद्यालयाची भाषाही.

पहिला मार्ग इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे ‘इग्नू’चा. संसदेच्या १९८५ च्या कायद्याने हे विद्यापीठ स्थापन झाले आणि देशभर त्याची अभ्यासकेंद्रे आहेत. इतिहासाच्या पदवीची पुस्तके तेथे हिंदी व इंग्रजीत मिळतात. दुसरा मार्ग राज्याच्या स्वतःच्या मुक्त विद्यापीठाचा. भोपाळचे मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठ १९९१ च्या कायद्याने अस्तित्वात आले. तिसरा मार्ग जुना आणि मध्य प्रदेशात घरोघरी माहीत असलेला, ‘स्वाध्यायी’ परीक्षार्थीचा. महाविद्यालयात नियमित न बसता घरी अभ्यास करून विद्यापीठाची परीक्षा द्यायची, अशी ही पद्धत. तिचे नियम विद्यापीठागणिक आणि वर्षागणिक बदलतात. त्यामुळे शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबण्याऐवजी चालू वर्षाची अधिसूचना पाहिलेली बरी.

बारावीच राहिली असेल तर आधी ती पुरी करावी लागते. त्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. राज्याचे मुक्त शाळा मंडळही आहे. तेथेही कमाल वयाची अट नाही. या पायरीला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ जातो, आणि अनेकांचा उत्साह येथेच सरतो. पदवीच्या वाटेवरची ही सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण आहे. ती टाळून ‘थेट पदवी’ देऊ करणाऱ्या जाहिराती भिंतींवर दिसतात. त्यांच्या मागे जाण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम त्या सत्रासाठी मान्यताप्राप्त आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. मान्यता सरसकट नसते, ती अभ्यासक्रमाला आणि सत्राला मिळते. मान्यता असेल तर दूरस्थ पद्धतीची पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे आयोगाने स्पष्ट केलेले आहे. २०२४ पासून दूरस्थ अभ्यासक्रमात प्रवेश घेणाऱ्याला या विभागाचा स्वतंत्र ओळख क्रमांकही काढावा लागतो.

आता मराठीचे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. तेथे बी. ए. मराठीतून करता येते. शेतकरी, गृहिणी, पोलीस शिपाई, कारखान्यातील कामगार अशा हजारोंनी त्याचा लाभ घेतला आहे. खकनारहून महाराष्ट्राची हद्द जवळ, पण हे विद्यापीठ महाराष्ट्र विधिमंडळाच्या कायद्याने झालेले. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाला राज्याबाहेर अभ्यासकेंद्र उघडता येत नाही. हा नियम विनाकारण झालेला नाही. एका राज्यात नोंदणी आणि दुसऱ्या राज्यात खोलीभर ‘केंद्र’ असा पदव्यांचा बाजार देशात काही वर्षे भरला होता, त्याला आळा घालण्यासाठी तो कडक झाला. पण बोगस केंद्रे रोखणारा नियम सीमेवरच्या मराठी माणसाचेही दार लावून घेतो, याचा विचार नियम करताना झाल्याचे दिसत नाही. गोव्यातील वाचकाला हे वेगळे सांगायला नको. गोव्याचे स्वतःचे मुक्त विद्यापीठ नाही, आणि सावंतवाडीपर्यंत येऊ शकणारे नाशिकचे केंद्र पत्रादेवीचा नाका ओलांडून पेडण्यात येऊ शकत नाही.

राज्यघटना येथे मदतीला येते का? थोडीशी, आणि फार खालच्या पायरीवर. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ३५० अ हे कलम सांगते. ते १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, म्हणजे ज्या वर्षी निमाडची राजधानी बदलली त्याच वर्षी. पण कलमाची मजल प्राथमिक शाळेपर्यंतच. पन्नाशीच्या विद्यार्थ्याचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

माध्यमाचा पेच पहिल्या पुस्तकापासून जाणवू लागतो. हिंदी आणि मराठीची लिपी एक, संस्कृतातून आलेले शब्दही पुष्कळसे एक. त्यामुळे वाचताना सारे कळते असे वाटते. फसगत तेथेच होते. हिंदी पुस्तकात ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. मराठी वाचक मनात ‘रिसर्च’ धरून पुढे जातो आणि ‘संविधान संशोधन’ या शब्दापाशी थबकतो. आपल्या संशोधनाला तेथे ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’ म्हणतात. ‘शिक्षा’ हा तर शाळकरी विनोदाचाच विषय. हिंदीतील शिक्षण मराठीत दंड होतो. इतिहासाच्या परिभाषेत अंतर आणखी वाढते. हिंदीतील सामंतवाद म्हणजे मराठीतील सरंजामशाही, उपनिवेशवाद म्हणजे वसाहतवाद, पूंजीवाद म्हणजे भांडवलशाही, लगान म्हणजे शेतसारा. बंगालची ‘कायमधारा’ हिंदी पुस्तकात ‘स्थायी बंदोबस्त’ होऊन येते. मराठी वाचकाच्या मनात बंदोबस्त म्हटले की पोलीस उभे राहतात.

यावर शिकणाऱ्याने स्वतः करण्याजोगा उपाय साधा आहे. पहिल्या सत्रातच वहीच्या मागच्या पानांवर हिंदी-मराठी परिभाषेची जोडयादी सुरू करावी आणि ती वाढवत न्यावी. आशय समजून घेण्यासाठी मराठी पुस्तके वाचायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. मराठीत वाचून समजून घ्यावे, टिपणे मात्र ज्या भाषेत परीक्षा द्यायची त्या भाषेत काढावीत. उलटे केले, म्हणजे हिंदीत वाचून मराठीत टिपणे काढली, तर परीक्षेच्या तीन तासांत उत्तर लिहिणे आणि भाषांतर करणे अशी दोन कामे एकाच हाताने करावी लागतात.

वेळेचा हिशेब बहुतेक जण प्रवेशानंतर करतात. तो आधी केलेला चांगला. नव्या शैक्षणिक आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, आणि इग्नूच्या मोजणीप्रमाणे एका श्रेयांकामागे ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. म्हणजे एकूण ३६०० तास. तीन वर्षांत पदवी घ्यायची तर रविवार, सणवार, लग्नसराई काहीही न वगळता रोज सव्वातीन तासांहून थोडे अधिक. शेती, नोकरी आणि घर सांभाळणाऱ्याला हे क्वचितच जमते. पण तीन वर्षांची ही पदवी इग्नूमध्ये कमाल सहा वर्षांत पुरी करता येते. तेव्हा रोजचे तास निम्मे होतात, सुमारे एक तास चाळीस मिनिटे. केळीच्या कापणीचे दिवस किंवा अंगणवाडीतील सर्वेक्षणाचे आठवडे सोडून उरलेल्या दिवसांत ही तूट भरता येते. सहा वर्षे लागली म्हणून पदवी हलकी ठरत नाही. तीन वर्षांचा हट्ट धरून दुसऱ्या वर्षी अभ्यास सोडून देणारे अधिक असावेत.

इग्नूच्या पद्धतीत साधारणतः तीस टक्के गुण सत्रीय कार्याला, म्हणजे घरी लिहून द्यायच्या उत्तरांना असतात आणि सत्तर टक्के सत्रांत परीक्षेला. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये. संपर्कवर्गांना हजेरीची सक्ती सामान्यतः नसते. लांबच्या गावातून केंद्रापर्यंत येण्यात दिवस मोडणाऱ्याला ही सवलत हवीशी वाटते, पण तिची किंमतही असते. सोबतीला कोणी उरत नाही. सत्रीय कार्य हा अनेकांना केवळ सोपस्कार वाटतो. बाजारात तयार उत्तरेही विकत मिळतात. ती उतरवून काढणाऱ्याचा तोटा गुणांपेक्षा हाताचा होतो. वीस वर्षे ज्याने सही आणि किराण्याची यादी यांपलीकडे हाताने काही लिहिलेले नाही, त्याची बोटे परीक्षेत पहिल्या तासानंतर आखडतात आणि चौथा प्रश्न अर्धा राहतो. सत्रीय कार्य स्वतः विचार करून, घड्याळ लावून, हातानेच लिहिले तर ती परीक्षेची तालीम होते. पुस्तके मिळायला उशीर झाला तरी अडत नाही. इग्नूचे पाठ्यसाहित्य ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहात विनामूल्य वाचता येते. मोबाइलच्या पडद्यावर तासभर वाचताना चाळिशीनंतरचे डोळे तक्रार करतात, तेव्हा निवडक प्रकरणांच्या छापील प्रती काढून घ्याव्यात.

या सगळ्याच्या पलीकडे एक प्रश्न राहतो. इतिहासच का? बुऱ्हाणपूरच्या परिसरात राहणाऱ्याला हा प्रश्न पडू नये, असे येथे बरेच काही आहे. फारुकी सुलतानांची ही राजधानी. १६०१ च्या आरंभी असीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेशचे राज्य संपले. मुमताज महल १६३१ मध्ये याच शहरात वारली. तापीच्या पैलतीरावर जैनाबादेत तिला प्रथम पुरले आणि काही महिन्यांनी तिचे अवशेष आग्र्याला नेले. मिर्झा राजा जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच मरण पावला. १७४८ मध्ये पहिला निजामही येथेच. लहानपणापासून ऐकलेल्या अशा गोष्टींच्या ओढीनेच बहुतेक प्रौढ विद्यार्थी इतिहासाकडे वळतात.

आणि पहिल्या वर्षी हिरमुसतात. पदवीच्या पुस्तकात बुऱ्हाणपूर एखाद्या ओळीत येऊन जाते. इग्नूच्या सामान्य पदवी अभ्यासक्रमात १२०६ ते १७०७ आणि १७०७ ते १९५० असे भारताच्या इतिहासाचे दोन खंड आहेत. त्यांत शेतसारा, मनसबदारी, व्यापारी मार्ग, कारागिरांची स्थिती यांना जागा अधिक आणि लढायांना कमी. गोष्टी हव्या असलेल्याला हे रुक्ष वाटते. पण पदवी जे शिकवते ते येथूनच सुरू होते: एखादी गोष्ट कोणी सांगितली, केव्हा आणि कशासाठी सांगितली, हे विचारायला.

१६८१ चे उदाहरण घेता येईल. त्या वर्षाच्या आरंभी संभाजी महाराजांच्या सैन्याने बुऱ्हाणपूरवर छापा घातला आणि तटाबाहेरची बहादुरपुरा ही संपन्न पेठ लुटली. मराठी घरात ही कथा पराक्रमाची म्हणून सांगितली जाते. खाफी खान या मोगल इतिहासकाराने ती पेठेतील लोकांवर आलेल्या आपत्तीची म्हणून लिहिली, तीही घटनेनंतर काही दशकांनी. लूट झाली याबद्दल दोघांचे दुमत नाही. पण लुटीचा आकडा, शहरातील अधिकाऱ्यांची हलगर्जी, लोकांचा संताप यांतले काय स्वीकारायचे आणि काय बाजूला ठेवायचे, हे ठरवायला साधनांची पारख लागते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपूरला आला आणि पुढे दक्षिणेत उतरला. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावेपर्यंत तो उत्तरेला परतला नाही. बहादुरपुऱ्याच्या लुटीचा आणि या स्वारीचा संबंध किती जोडायचा, हा परीक्षेतही विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अभिमानाने देता येत नाही आणि लाजेनेही नाही.

संभाजी महाराजांविषयीची जुनी प्रतिमा कागदपत्रांच्या आधारे बदलणारे चरित्र १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी प्रसिद्ध केले. त्यांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे होते. त्यामुळे पदवीवाचून इतिहास करता येत नाही असे कोणी म्हणू नये. फरक इतकाच की, बेंद्रे यांना पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेचा सहवास मिळाला. १९१० मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात कागद होते, ते वाचणारी माणसे होती आणि चूक दाखवणारेही होते. खकनारमध्ये असे मंडळ नाही. पदवीचा अभ्यासक्रम, त्यातील वाचनयादी आणि लाल शेऱ्यांसह परत येणारे सत्रीय कार्य ही त्या सहवासाची तुटपुंजी, तरी मिळण्याजोगी जागा आहे.

मराठीतून उच्च शिक्षण हे स्वप्नही नवे नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेतून पदवीचे शिक्षण सुरू केले आणि पदवीला ‘गृहीतागमा’ असे नाव दिले. तेव्हा जे पुण्यात घडवता आले, ते आज राज्याच्या सीमेपलीकडे टपालाने किंवा इंटरनेटनेही नेता येत नाही. यात तंत्राची अडचण कुठेच नाही. केंद्रीय मुक्त विद्यापीठाने इतिहासाची मूळ पुस्तके मराठीत आणली आणि उत्तरे मराठीत लिहू दिली, तर नाशिकच्या विद्यापीठाच्या हद्दीला हात न लावताही खकनार, इंदूर, बेळगाव आणि पणजी यांचा प्रश्न एकदम सुटेल. केंद्रीय विद्यापीठाला राज्याची सीमा नसते.

पदवीचा उपयोग काय, हेही सरळ सांगितले पाहिजे. पंचेचाळिशीत मिळालेल्या बी. ए. ने सरकारी नोकरीचे दार उघडेलच असे नाही. बहुतेक भरतीच्या वयोमर्यादा तोवर उलटून गेलेल्या असतात. शिक्षक व्हायचे तर बी. एड. ची आणखी दोन वर्षे लागतात. आधीच नोकरीत असलेल्याला पदोन्नतीसाठी पदवी कामी येऊ शकते, पण त्याने प्रवेश घेण्याआधीच आपल्या खात्याचा नियम वाचावा. उरलेल्यांसाठी लाभ मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही म्हणून घरातल्यांना तो पटवणे कठीण जाते. विशेषतः बाईने संध्याकाळचे पावणेदोन तास पुस्तकासाठी मागितले, की ‘आता याचा काय उपयोग’ हा प्रश्न पुरुषाला विचारला जाईल त्यापेक्षा लवकर येतो.

सीमेवरच्या प्रौढ विद्यार्थ्यापाशी मात्र एक शिदोरी असते, जी शहरातील अठरा वर्षांच्या मुलापाशी नसते. बुऱ्हाणपूरच्या इतिहासाचे कागद थरांनी लागतात. फारुकी आणि मोगल काळातले फारसी. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हा मुलूख पेशव्यांकडे आला, तेव्हापासून मोडीतले मराठी. पुढे शिंद्यांचा अंमल. १८६० च्या सुमारास ब्रिटिशांकडे गेल्यावर इंग्रजी, आणि १९५६ नंतर हिंदी. शहराच्या जामा मशिदीत तर सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेला फारुकींचा संस्कृत लेख अरबी लेखाच्या सोबतीने आहे. फारसी शिकायला वर्षे लागतात. मोडी मात्र मराठी जाणणाऱ्याला काही महिन्यांच्या सरावाने वाचता येऊ लागते, आणि हिंदीभाषक सहाध्यायाला जी भाषा आधी शिकावी लागेल ती त्याच्या घरातच असते. पेशवे-शिंदेकाळातील निमाडवर काम करायला हा माणूस अधिक योग्य आहे, आणि त्याच्या माध्यमाच्या रकान्यात नेमकी तीच भाषा नाही.

दप्तरखान्यापर्यंत न जाताही करता येण्याजोगे काम खकनारमध्येच आहे. देशातील पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना याच जिल्ह्यात नेपानगरला उभा राहिला आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. त्याच्यासाठी बांबू आणि सालई तोडणारे, वाहणारे हात आसपासच्या पाड्यांतले. नागपूर राजधानी असतानाचे बालपण आठवणारी माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. कोरकू ही मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा, आणि तिच्या बोलणाऱ्यांच्या आठवणी कागदावर फारच थोड्या उतरल्या आहेत. या आठवणी टिपायला एक मोबाइल, एक वही आणि सांगणाऱ्याच्या ओसरीवर बसण्याइतकी ओळख पुरते. ही ओळख बाहेरून येणाऱ्या संशोधकाला मिळवावी लागते. येथील अंगणवाडी सेविकेपाशी ती वीस वर्षांच्या कामातून आलेली असते. तिने ते बोलणे जसे ऐकले तसे, कोरकूत किंवा मराठीत, तारीख आणि गावाच्या नावासह उतरवून ठेवावे. विद्यापीठाला द्यायची हिंदी प्रत त्यानंतर करता येते.